हृदयविकाराचे मृत्यू कुठे जास्त, आणि का?

(नागपुरात सर्वसाधारण श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रांगांमध्ये बरीच तरुण मंडळी बसली आहेत, त्यांना आधी सांगतो की हा विषय तुमचाही आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत तेच वय ५९ च्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडे हा आजार घर चालवणाऱ्या, मुलांच्या फिया भरणाऱ्या माणसाला गाठतो.

‘नशिबात होतं’ आणि ‘आमच्या घराण्यातच आहे’ ही वाक्यं मी ओपीडीत सतत ऐकतो. घराण्याचा भाग खोटा नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत अटॅक आला असेल तर तुमचा धोका वाढतो. पण नुसत्या रक्तावर सगळं ठरत असतं, तर जागा बदलल्यावर धोका बदलला नसता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये राहणारे जपानी, हवाई बेटांवर स्थायिक झालेले जपानी आणि कॅलिफोर्नियातले जपानी अशी तुलना झाली. वंश एकच. तरी हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त आढळला. ताट बदललं, राहणीमान बदललं, तसा आजारही बदलला.

आणि हे उलट दिशेनंही घडवता येतं. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांपैकी होतं. खाण्यात लोणी, मलईचं दूध, भरपूर मीठ, आणि जोडीला सिगारेट. लोकांनीच सरकारकडे मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. त्यांनी मोठमोठी हॉस्पिटलं बांधली नाहीत. ते गावोगावच्या महिला मंडळांकडे गेले, डेअरीवाल्यांशी बोलले, मांसाचे पदार्थ बनवणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला लावली, बीपीचे रुग्ण शोधून त्यांच्या नोंदी ठेवल्या. पुढच्या साधारण चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. ही घट मला कुठल्याही नव्या स्टेंटपेक्षा, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीपेक्षा, मोठी वाटते.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९९० मध्ये भारतातल्या एकूण मृत्यूंपैकी साधारण १५ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होत. २०१६ मध्ये ते २८ टक्के झाले. या आजारांचे रुग्ण केरळ, पंजाब, तमिळनाडू या राज्यांत जास्त आढळतात, आणि त्यावरून आपण सहज म्हणतो की हा खात्यापित्या लोकांचा, शहरी आजार. हे आता खरं राहिलेलं नाही. देशभरातल्या लाखो मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या अभ्यासात दिसलं, की २००० ते २०१५ या काळात तिशी ते सत्तरीच्या वयोगटात हृदयविकाराच्या मृत्यूंचा दर खेड्यांत वाढत जाऊन शहरांच्या पुढे गेला.

याचा उलगडा मला ‘प्युअर’ या अभ्यासात सापडतो. सतरा देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यात भारतही होता. श्रीमंत देशांतल्या लोकांमध्ये बीपी, शुगर, तंबाखू यांसारखे धोक्याचे घटक सर्वांत जास्त निघाले, गरीब देशांत सर्वांत कमी. मृत्यू मात्र गरीब देशांत सर्वांत जास्त! जिथे बीपी वेळेत सापडतं, गोळी रोज मिळते आणि अटॅक आल्यावर लवकर उपचार होतात, तिथे जास्त धोका असलेला माणूसही जगतो. जिथे हे होत नाही, तिथे थोडा धोकाही जीव घेतो.

विदर्भात हा फरक फार लांब जाऊन शोधावा लागत नाही. नागपुरात मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगा आहेत. आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सर्वांत मोठं कारण निघालं लकवा, म्हणजे स्ट्रोक, मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका. जवळजवळ १४ टक्के मृत्यू त्याचे होते, आणि त्यातली बहुसंख्य माणसं घरीच गेली. सडपातळ, दिवसभर शेतात राबणारी माणसं ही. लकव्याच्या मुळाशी बहुतेक वेळा न सापडलेलं बीपी असतं. बीपी दुखत नाही, त्यामुळे ज्याच्या दंडाला कधी पट्टा बांधलाच गेला नाही, त्याला ते कळणार तरी कसं?

याच प्रदेशातली चांगली गोष्टही सांगतो. २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या केंद्राच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांमध्ये आपले शेजारी वर्धा आणि भंडारा होते. त्याची रीत अगदी साधी आहे. सगळीकडे ठरलेली तीच औषधं, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड आणि तारखेला न आलेल्याचा पाठपुरावा. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या महाग नाहीत. माणूस त्या सोडतो ते बरं वाटतं म्हणून, किंवा गोळी संपली आणि पुढची आणायला एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून. दुसऱ्या कारणासाठी मी रुग्णाला दोष द्यायला तयार नाही.

आता खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं की माणूस छाती पुढे काढून ‘नाही’ म्हणतो, आणि खिशात खर्र्याची पन्नी असते. तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते आणि न ओढता तंबाखू खाणारे, लावणारे २४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू धुराचा नाहीच. त्याचा कॅन्सर सगळ्यांना ठाऊक आहे, पण हृदयाचं कोणी बोलत नाही. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांना चौपट. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, पण पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात दिसतो, आणि हे पाहून मला मनापासून राग येतो. सोडायचा असेल तर १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

तर्री-पोहे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, रोजचं लोणचं-पापड आणि फरसाण यांकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात बाहेरच्या खाण्यातलंही मीठ धरायचं. हृदयरोग्यांनी नागपूरचा मे महिना विशेष जपावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना डोस विचारून घ्या, मनाने बंद करू नका.

आणि शेवटी अटॅकच्या वेळेबद्दल. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघण्यात जीव जातात. बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना छातीत न दुखता नुसती धाप किंवा गळून गेल्यासारखंही होऊ शकतं, आणि घरात बाईचं दुखणं सगळ्यात शेवटी दवाखान्यात पोचतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त काम करतं, बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. म्हणून १०८ ला फोन करा, आणि ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, निघेल अशा जवळच्या ठिकाणी आधी पोचा. ओळखीचा डॉक्टर शोधत पुढच्या शहरापर्यंत जाऊ नका. तुमच्या गावाजवळच्या कुठल्या केंद्रात रात्री ईसीजी निघतो, हे आज घरी गेल्यावर फोन करून विचारून ठेवा. निघत नसेल तर ग्रामसभेत तो प्रश्न मांडा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.