शके, संवत, सन: मुंबईच्या कोनशिला वाचताना

(दृश्य: गेटवे ऑफ इंडिया. सेल्फी काढणारी गर्दी. कॅमेरा हळूहळू वर, कोरलेल्या अक्षरांवर.)

गेटवेसमोर फोटो काढणारे रोज हजारोंनी येतात. वर काय कोरलंय ते वाचणारे मात्र थोडेच. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान. दिवस दोन डिसेंबर. साल रोमन अक्षरांत आहे: एम, सी, एम, एक्स, आय. म्हणजे १९११.

आता गंमत बघा. १९११ मध्ये ही कमान नव्हतीच. कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ ला. काम पुरं व्हायला १९२४ उजाडलं, आणि त्या वर्षी ४ डिसेंबरला गेटवे खुला झाला. दगडावर साल आहे ते राजा उतरल्याचं.

म्हणून जुन्या इमारतींवरची सालं आम्ही ज्या नोंदवहीत उतरवतो, तिच्यात एक रकाना जास्तीचा आहे: हे साल कशाचं? पायाचं, वास्तुशांतीचं, वरचा मजला चढवल्याचं, की जीर्णोद्धाराचं? दगड सांगत असेल तर लिहायचं. सांगत नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. अंदाजानं भरलेला रकाना पुढच्या माणसाला गोत्यात आणतो.

(दृश्य: काळबादेवी, सकाळची वेळ. हातगाड्या, दुकानांच्या अर्ध्या उघडलेल्या शटर्स.)

खरी मजा गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडीबाजार या पट्ट्यात. इथे साल शोधायचं तर आधी मालक कोण होता ते विचारा. मराठी घरावर शके असेल. भाटिया किंवा बनिया शेटजींच्या इमारतीवर विक्रम संवत, तोही दिवाळीनंतर बदलणारा. भेंडीबाजाराच्या बाजूला हिजरी. पारशांचं यज्दगर्दी. आणि ज्याला साहेबाच्या कचेरीत वजन हवं, त्याच्या घरावर इंग्रजी सन. दोन-दोन, तीन-तीन सालं एकाच संगमरवरी पाटीवर बसवणारेही होतेच. मुंबईकर हिशेबाला पक्का, कुणालाच नाराज करत नाही.

एकच दिवस घेऊन बघू. प्रिन्सेस स्ट्रीटच्या अंजुमन आतश बेहेराम या पारशी अग्निमंदिराची प्रतिष्ठापना झाली १७ ऑक्टोबर १८९७ ला. पारशी गणनेत महिन्याच्या प्रत्येक दिवसाला स्वतःचं नाव असतं, त्यामुळे हा दिवस झाला रोज (म्हणजे दिवस) अर्दीबेहेश्त, माह (म्हणजे महिना) अर्दीबेहेश्त, साल १२६७. त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या मराठी घरात शके १८१९ चालू होतं. शेजारच्या गुजराती पेढीच्या चोपड्यांत संवत १९५३, कारण दिवाळीला अजून आठवडा होता. पाडव्यानंतर तेच १९५४ झालं. मुसलमान मोहल्ल्यात हिजरी १३१५.

शकाचं गणित आपल्याला घरचं आहे: दगडावरच्या शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीची तारीख असेल तर ७९. संवताला ५६ किंवा ५७ मिळवायचे नाहीत, वजा करायचे, कारण संवताचा आकडा सनाच्या पुढे असतो. घाईत इथेच चुका होतात. हिजरीला मात्र अशी सरळ वजाबाकी चालत नाही. ते वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. आपली बत्तीस वर्षं होतात तेव्हा त्यांची तेहतीस भरतात. तिथे कोष्टक उघडायचं.

आणि वहीत आधी उतरवायचं ते दगडावर आहे तसंच. मूळ आकडा, मूळ लिपी, मूळ चुकासुद्धा. सन कंसात, नंतर. उलटं केलं की महिना नसलेल्या शकाचं एकच इंग्रजी साल होऊन बसतं, आणि खरं तर ती दोन सालांमधली जागा असते.

(दृश्य: चुना आणि ऑइल पेंटचे थर चढलेली पाटी, अगदी जवळून. एका बाजूनं टॉर्चचा प्रकाश.)

समजा, पाटीवर ‘शके १८१’ एवढं स्पष्ट आहे आणि शेवटचा आकडा रंगाखाली बुजलाय. एक की नऊ? देवनागरीत दोघांची शेपटी जवळपास सारखी. समोरून फ्लॅश मारून काही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा: खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि आकडा वर येतो. उन्हाचंही तेच. पूर्वेकडच्या भिंतीवर ऊन तिरकं चाटून जातं, ती वेळ साधायची.

या एका आकड्यानं फरक किती पडतो? १८११ असेल तर घर १८८९–९० चं. १८१९ असेल तर १८९७–९८ चं. मध्ये १८९६ चा प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले, आणि दादर-माटुंग्याच्या वसाहतींची आखणी सुरू झाली. वांद्र्याच्या गावठाणांत रस्त्यालगत जे क्रूस दिसतात, त्यांतले बरेच याच साथीतले. साल पायथ्याशी असतं, खाली बसून वाचावं लागतं.

गुजराती आकडे वाचताना सांभाळून. त्यांचा पाच आपल्याला ‘प’ वाटतो.

संगमरवरी पाट्यांचं आणखी एक. अक्षरं खोदून त्यांत शिसं भरलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या पावसानं शिसं सुटतं, आणि पडलेल्या दाताच्या जागी राहावीत तशी बारीक भोकं राहतात. ती भोकं रंगानं बुजवू नयेत. शिसं अडकावं म्हणूनच पाडलेली असतात, आणि त्यांच्या जागेवरून अक्षर ओळखता येतं. घासायला मऊ ब्रश आणि साधं पाणी. ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही, अक्षरांत खडू भरणं तर मुळीच नाही. पोरबंदरचा दगड मऊ, त्याची कोर एका घासण्यात जाते. काळा दगड टिकतो, पण तिथेही घाई नको.

(दृश्य: चाळीचा जिना. वरच्या मजल्यावरून एक आजोबा खाली बघतायत.)

मान वर करून भिंतीकडे बघत उभं राहिलं की पाच मिनिटांत वरून आवाज येतो.

“अहो, काय बघताय? बिल्डरकडून आलात का?”

“नाही आजोबा, ती पाटी बघतोय. साल दिसतंय का तुमच्याकडून?”

“ते होय! थांबा, वर या. आमच्या गॅलरीतून नीट दिसतं. चपला तिथेच काढा.”

हे आमंत्रण मिळालं की निम्मं काम झालं. साल बहुधा गच्चीच्या कठड्यावरच्या कमानीत असतं, नाहीतर दाराच्या माथ्यावर, नाहीतर बिडाच्या कठड्यात मालकाच्या आद्याक्षरांशेजारी. रस्त्यावरून बघावं तर मध्ये दुकानाचा फलक, एसीचा डबा, केबलचा गुंता आणि फटीत उगवलेला पिंपळ. पावसाळ्यात तर अख्खी इमारत निळ्या ताडपत्रीखाली. ही भटकंती हिवाळ्यातली.

आजोबांची शंका चुकीची नाही. दक्षिण मुंबईत इमारतीचं वय हा व्यवहाराचा प्रश्न आहे. म्हाडाच्या दप्तरी उपकरप्राप्त, म्हणजे उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे तीन वर्ग: १ सप्टेंबर १९४० पूर्वीची ती ‘अ’, तिथून १९५० अखेरपर्यंतची ‘ब’, आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची ‘क’. तेव्हा कोणी परका माणूस येऊन इमारतीचं साल विचारू लागला की भाडेकरूंचे कान टवकारणारच. आपण कोण, फोटो कशाला, हे आधी सांगावं. घराचा क्रमांक आणि माणसांची नावं उघड यादीत घालू नयेत. पाटीचा एक फोटो मोजपट्टी लावून जवळून, एक लांबून, म्हणजे ती भिंतीवर नेमकी कुठे होती ते कळेल.

‘होती’ म्हणतोय, कारण पाडकाम सुरू झालं की सागवानी वासे, बिडाचे कठडे, जुन्या लाद्या यांना गिऱ्हाईक मिळतं. चोर बाजारात त्यांचा भाव ठरलेला. साल कोरलेल्या दगडाला गिऱ्हाईक नाही, तो डेब्रिजच्या ट्रकमध्ये जातो. भेंडीबाजारात तर अडीचशेच्या आसपास इमारती एकाच पुनर्विकासात आल्या.

(दृश्य: सोसायटीची बैठक, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर नकाशे.)

पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरिया किती, पार्किंग किती, कॉर्पस निधी किती यावर तासन्‌तास वाद होतात, आणि व्हायलाच हवेत. त्यात एक कलम आणखी बसतं: जुनी कोनशिला अखंड काढून नव्या इमारतीच्या प्रवेशाशी, डोळ्यांच्या उंचीवर बसवावी, आणि खाली मूळ इमारत कधी पाडली ते लिहावं. बैठकीत हा विषय काढला की दोघे-तिघे हसतात. काढायचा तरी. बिल्डरला यात खर्च जवळपास नाही, त्यामुळे तो सहसा अडत नाही. अडतं ते कुणी विचारलेलंच नसतं म्हणून.