दोन्ही मशीन नियमात, तरी बोलणं बंद

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात शाहू स्मारकच्या सभागृहात मोडेमच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरचा डेटा नेणाऱ्या यंत्राच्या, मानकांवर बोलायला कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे आज मनापासून आनंद झालाय. समोर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली माणसं दिसतायत, कॉलेजची पोरंही आलीत. सिरियल पोर्ट म्हणजे एकेक बिट ओळीनं पाठवणारी जोडणी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पत्रिकेवरचा विषय असा: मोडेमची थराथरांची मानकं प्रोग्रॅमिंग भाषेच्या मानकांपेक्षा उलगडायला अवघड का? त्याकडे येतो. त्याआधी एका केबलची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

शिरोलीतल्या एका कारखान्यात डायचं, म्हणजे साच्याचं, काम करणारं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं, मशीन होतं. डायचा प्रोग्राम एवढा मोठा की कंट्रोलरच्या मेमरीत मावेना. मग काय करायचं, शेजारी पीसी ठेवायचा आणि मशीन कापत जाईल तसा प्रोग्राम केबलमधून थोडा थोडा सोडायचा. मशीनला २५ पिनांचा पोर्ट, पीसीला ९ पिनांचा. दोन्हीकडच्या मॅन्युअलात लिहिलेलं, आरएस-२३२, म्हणजे सिरियल पोर्टचं मानक. केबल जोडली, प्रोग्राम सुरू झाला, सगळे खूश. थोड्या वेळानं स्क्रीनवर अलार्म, बफर ओव्हरफ्लो, म्हणजे येणारा डेटा मशीनमध्ये मावेना. टूल जॉबवर तसंच थांबलेलं. डायवर टूलचा डाग पडला की काय होतं, हे इथल्या टूलरूमवाल्यांना विचारा.

मशीनवाल्यांचा माणूस आला. आमची बाजू नियमात आहे म्हणाला. सॉफ्टवेअरवाल्यांचा आला, त्यानंही तेच सांगितलं. आणि खरं सांगू? दोघंही बरोबर होते! मला राग येतो तो याचाच. इथं कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणी निकृष्ट माल दिलेला नव्हता. तरी मालकाचा जॉब वाया गेला आणि पाळीवरच्या पोरानं बोलणी खाल्ली.

केबल उघडली तेव्हा उलगडा झाला. मशीनच्या बाजूला ४ आणि ५ नंबरच्या पिना एकमेकींना जोडलेल्या. ६, ८ आणि २० यांचीही एक मोळी. पीसीच्या बाजूलाही तसंच, ७ आणि ८ जोडलेल्या. म्हणजे पीसी ७ नंबरवरून विचारणार, 'पाठवू का?' आणि तोच सिग्नल ८ नंबरवरून त्याच्याकडे परत येणार, 'पाठव.' स्वतःच विचारायचं, स्वतःच होकार द्यायचा. मशीन बिचारं आपल्या परीनं थांब म्हणत होतं. ते डेटाच्याच तारेवरून डीसी३ नावाचं, 'थांब' अशा अर्थाचं कॅरेक्टर पाठवत होतं. पण पीसीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर हँडशेक, म्हणजे थांब-चालू पिनांवरून सांगायची पद्धत, निवडलेला, त्यामुळे डीसी३ कडे त्याचं लक्षच नव्हतं. सेटिंग बदलून एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे डेटाच्या तारेवरची कॅरेक्टरं ऐकणारी पद्धत, केलं आणि काम चालू झालं.

ज्यांच्याकडे अशी जुनी मशीनं अजून चालू आहेत, त्यांनी कृपा करून केबलचा नकाशा मशीनच्या दारावर चिकटवून ठेवावा. कुठल्या पिना जोडल्यात, हँडशेक कुठला, पॅरिटी, म्हणजे चूक तपासायचा जादा बिट, कुठली. केबल बांधणारा वायरमन नोकरी सोडून जातो आणि ती माहिती त्याच्याबरोबर जाते.

आता या गोष्टीत मोडेम कुठं आहे, असं कुणीतरी मनात म्हणत असेल. मोडेम नाहीच, तीच तर अडचण! आरएस-२३२-सी हा १९६९ चा दस्तऐवज. एका बाजूला टर्मिनल, म्हणजे डेटा पाठवणारं-घेणारं यंत्र, आणि दुसऱ्या बाजूला मोडेम, असं गृहीत धरून तो लिहिला. आपण दोन टोकांना दोन टर्मिनलं जोडली. शिवाय त्यातला ४ नंबरचा सिग्नल टर्मिनलनं मोडेमला 'मला पाठवायचंय' असं सांगण्यासाठी होता. 'तू मला पाठवणं थांबव' असं टर्मिनलनं म्हणायची सोय त्यात नव्हती. लोकांनी तीच पिन त्या कामाला वापरायला सुरुवात केली. नंतर व्ही.२४ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी १३३ नंबरचं सर्किट आलं आणि ते त्याच ४ नंबरच्या पिनेवर बसलं. एक पिन, दोन अर्थ. तुमच्या हातातल्या यंत्राला त्यातला कुठला अर्थ कळतो, हे पिनेकडे बघून समजत नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ मुद्दा आता भराभर.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं मानक घ्या. १९८९ ला अमेरिकेत आलं, १९९० ला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं स्वीकारलं. एकच पुस्तक. ते सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण कुठली गोष्ट कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यानं ठरवून लिहून द्यायची आणि कुठं पुस्तक काहीच हमी देत नाही, हे तेच पुस्तक सांगतं. जे लिहिलेलंच नाही तेही अनडिफाइन्ड, म्हणजे हमी नसलेलं, समजावं, हेसुद्धा त्यात लिहिलंय! शंका आली तर घरी बसून दोन कंपायलरवर तोच प्रोग्राम चालवून बघता येतो. तेवढ्यानं निकाल लागत नाही, पण शंका कुठं आहे ते दिसतं.

मोडेमचं तसं नाही. सर्किटांचं काम व्ही.२४ मध्ये, व्होल्टेज व्ही.२८ मध्ये, पिनांचे नंबर आयएसओ २११० मध्ये. एटी कमांड, म्हणजे कॉम्प्युटरनं मोडेमला द्यायचे हुकूम, व्ही.२५० मध्ये, सुरुवातीची बोलणी व्ही.८ मध्ये, लाइनवरचा सिग्नल व्ही.३४ मध्ये, चुका दुरुस्त करणं व्ही.४२ मध्ये, डेटा दाबून लहान करणं व्ही.४२बिस मध्ये. एकेक दस्तऐवज वाचा, बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अडतं ते दोघांच्या सांध्यावर. डेटा दाबला जातो म्हणून कॉम्प्युटरकडचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवायचा, लाइनवर मात्र जेमतेम ३३,६००. मग थांब-चालू सांगणारा हँडशेक हवाच, आणि तो बसवायचा पुन्हा त्या ४ नंबरच्या पिनेवर. डायलअपच्या काळात 'कनेक्ट' या शब्दापुढं काही मोडेम कॉम्प्युटरकडचा वेग दाखवायचे, काही लाइनवरचा. आकडा बघून लाइन चांगली लागली म्हणून खूश झालेली माणसं मी पाहिलीत.

शेवटचं सांगतो, संयोजक उभे राहिलेत. व्ही.३४ मध्ये पाठवणाऱ्यानं सिग्नल कसा घडवायचा हे बारकाईनं दिलंय. ऐकणाऱ्यानं तो कसा ओळखायचा, लाइनीत बिघडलेला सिग्नल कसा सावरायचा, हे मोठ्या प्रमाणात बनवणाऱ्यावर सोपवलंय. तसं करणं योग्यच होतं, त्यामुळेच कंपन्या चांगले रिसीव्हर बनवू शकल्या. पण टेलिफोनची लाइन मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झची, त्यात खेड्याकडची जुनी तार. दोन मोडेम, दोन्ही मानकाप्रमाणे. एक त्या तारेवर टिकतो, दुसरा तुटतो. मग दस्तऐवजातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं? कॉलेजच्या पोरांनी यावरच मला प्रश्न विचारावेत, मी बाहेर पायरीवर थांबतो.