रक्त पिणारी टोळी

श्रोतेहो, नमस्कार.

सावकार नाडायला लागला की आपल्याकडे लोक म्हणतात, 'मेला रक्त पितो आमचं!' हे बोलणं जिथं अक्षरशः खरं होतं, अशा एका चित्रपटाबद्दल आज बोलणार आहे. १९९२ सालचा, जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेला 'इनोसंट ब्लड'.

शहर अमेरिकेतलं पिट्सबर्ग. दिवस बर्फाचे. मारी ही फ्रेंच पिशाच्चीण. भूक लागली तरी निरपराध माणसाला दात लावायचा नाही, हा तिचा नेम. शहरात माफियांच्या खूनबाजीला ऊत आलेला, म्हणून ती भक्ष्य त्यांच्यातच शोधते. तिचा दुसरा नेम तर आपल्या आजीनं सांगावा असा: ताटात काही टाकायचं नाही. पोट भरलं की भक्ष्य पुरतं संपवायचं. नाहीतर ते उठून बसतं.

टोळीचा म्होरक्या सॅल याच्या बाबतीत नेमका हाच नेम मोडतो. अर्धवट राहिलेला सॅल शवागारात जागा होतो आणि तिथून थेट आपल्या वकिलाचं घर गाठतो. मला हा भाग फार आवडतो. रॉबर्ट लॉजिया यांनी हा सॅल काय रंगवलाय! मेल्यावरही त्याची गुर्मी, हुकूम सोडणं तसंच. उलट आता त्याला धंद्याची नवी वाट दिसते. आपल्या माणसांना चावायचं, की झाली न मरणारी टोळी! खंडणीखोराचा हावरेपणा मरणानंही सुटत नाही, म्हणून हसता हसता अंगावर काटा येतो.

सॅल वकिलालाही चावतो, आणि या रक्तपिपासू पिशाच्चांना ऊन सोसत नाही. वकिलाचा शेवट विसरता येत नाही. इस्पितळातली खाट, सकाळची वेळ, नर्स नेहमीच्या सवयीनं खिडकीतून ऊन आत घेते आणि पांघरुणातला माणूस धडधडा पेटतो. ही भूमिका डॉन रिकल्स यांची. अमेरिकेला पोट धरून हसवणारा विनोदवीर. लँडिस यांनी त्यांनाच उन्हात धरलं, तिथं विनोद आणि भय वेगळे काढताच येत नाहीत.

मारीचं काम ॲन पारियो यांनी केलंय. गुप्तपणे टोळीत शिरलेल्या पोलिसावर तिचा जीव जडतो, ती गोष्ट मात्र तुम्हीच पाहा. आणि शवागारातल्या डॉक्टरकडे नीट लक्ष द्या. ते आहेत फ्रँक ऑझ, 'स्टार वॉर्स'मधल्या योडाचा आवाज.