परतीचे पक्षी आणि जवळचे पाणी

अध्यक्ष महोदय आणि पक्षीमित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'शरदातील स्थलांतरित पक्षी कसे ओळखावेत' असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु पक्षी ओळखण्यापूर्वी तो दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी आपण योग्य वेळी योग्य जागी हजर असावे लागते. माझा अनेक वर्षांचा आग्रह असा आहे की ही जागा घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ असावी. आणि ही वेळ तर आपण समजतो त्याहून पुष्कळ आधीची आहे. आज सभागृह भरलेले आहे, श्रोते जाणकार आहेत, तेव्हा हा आग्रह थोडा सविस्तर मांडू द्यावा, ही विनंती.

प्रथम वेळेविषयी. थंडी पडली की दुर्बिणी कपाटातून बाहेर येतात, आणि डिसेंबर-जानेवारीत मोठ्या जलाशयांच्या काठी बदकांचे थवे पाहायला गर्दी होते. ते दृश्य सुंदर असते यात शंका नाही; पण ते मुक्कामाला स्थिरावलेल्या पक्ष्यांचे दृश्य आहे. स्थलांतर, म्हणजे प्रत्यक्ष वाहता ओघ, तोपर्यंत बहुतांशी ओसरलेला असतो. उत्तरेकडील उन्हाळा अतिशय आखूड असल्यामुळे तिथे वीण करणाऱ्या किनारपक्ष्यांची परतीची लगबग जूनअखेरीसच सुरू होते. ज्यांची घरटी फसली ते आधी निघतात. तुतारी (सँडपायपर) आणि टिलवा (स्टिंट) या काठावरच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातील काही जातींत मादी अंडी घालून पुढची जबाबदारी नरावर सोपवते आणि दक्षिणेची वाट धरते. त्यामुळे जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी, आकाशात पावसाळी ढग असतानाच, एखाद्या डबक्याच्या काठी हिरवी तुतारी एकटीच शेपटी वरखाली करीत उभी दिसते. पक्ष्यांचा शरद त्या दिवशी सुरू झालेला असतो, आणि तो पाहायला बहुधा कोणीही नसते.

प्रौढ पक्ष्यांच्या मागून काही आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्ले येतात. वसंतात उत्तरेकडे जाणारे पक्षी वीणीची जागा गाठण्यासाठी घाईने निघून जातात. शरदातला ओघ मात्र संथ असतो, कित्येक महिने चालतो, आणि नव्या पिढीची भर पडल्यामुळे त्यात पक्ष्यांची संख्याही मोठी असते. या नव्या पिढीबद्दल मला विशेष कुतूहल आहे, कारण पुष्कळ जातींत ती आईबापांच्या सोबतीवाचून प्रवास करते. गॉडविट या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने, वय जेमतेम पाच महिन्यांचे असताना, ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघून टास्मानिया गाठले. अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर, वेळ अकरा दिवस, आणि वाटेत एकदाही विसावा नाही. त्याच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारा छोटा ट्रान्समीटर होता, म्हणून हे आपल्याला कळले.

मग हे पिल्लू दिशा ओळखते कशी? पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने या प्रश्नाचे मोठे सुरेख उत्तर मिळवले. शरदात नेदरलँड्समधून जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक मैना, म्हणजे युरोपातल्या स्टार्लिंग, पकडून त्याने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. त्याचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी एकदा प्रवास केलेल्या प्रौढ मैनांनी चूक ओळखली आणि दिशा बदलून त्या आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे वळल्या. पहिल्याच प्रवासातल्या मैना मात्र उपजत दिशेने सरळ निघाल्या आणि स्पेनकडे व दक्षिण फ्रान्सकडे जाऊन पोचल्या. दिशा आणि अंतर पिल्लाच्या रक्तातच असते, ठिकाण मात्र त्याला प्रवासातून शिकावे लागते, असा त्याचा अर्थ. वाऱ्याने भरकटलेले, नकाशात नसलेले पक्षी शरदातच अधिक दिसण्याचे एक मोठे कारण हेच आहे, आणि अशा पक्ष्याला कोणत्या तळ्यावर उतरावे याचे काहीही बंधन नसते. दूरच्या प्रसिद्ध अभयारण्यात तो उतरण्याची जितकी शक्यता, तितकीच आपल्या गल्लीमागच्या पाण्यावर.

आता जागेविषयी. स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया जिथे घातला गेला ती जागा फार मोठी नव्हती. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. पक्ष्याच्या पायात खुणेचे कडे घालावे ही कल्पना त्यांनी आधी जस्ताच्या कड्यांनी करून पाहिली, पण ती कडी जड झाली. मग १८९९ साली त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी कडी तयार केली, त्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरला, आणि घरट्याच्या पेट्यांत मैना पकडून दीडशेहून अधिक पक्ष्यांच्या पायांत ती घातली. आज जगभर जे कडी घालण्याचे काम चालते त्याचे मूळ या एका मास्तरांच्या गावात आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी बाल्टिक किनाऱ्यावर रोझिटन येथे पहिले पक्षी-निरीक्षण केंद्र उभे राहिले. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. मॉर्टेन्सन यांनी परिसरातला सर्वांत सामान्य पक्षी निवडला होता, याकडे मी आपले लक्ष वेधतो.

जवळच्या जागेचे महत्त्व सांगताना मला एका तळ्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या नित्याच्या फेरीतले हे तळे. पाऊस संपल्यावर त्याचे पाणी हळूहळू मागे सरे, आणि दर आठवड्याला काठावर चिखलाची एक नवी ओली पट्टी उघडी पडे. त्या पट्टीवर कोण कुठे उभे राहणार हे पायांच्या आणि चोचींच्या लांबीने ठरलेले असे. वरच्या, किंचित सुकलेल्या चिखलात चिखल्या धावत. दोन पावले पळायचे, थबकायचे, टिपायचे, अशी त्यांची रीत. त्याखाली, जिथे चिखलावर पाण्याचा नुसता पापुद्रा असतो, तिथे छोटे टिलवे चोच न थांबवता टिपत असत. वजनाने वीस-तीस ग्रॅमचा हा पक्षी, त्याला बोटभर खोल पाणीही फार होते. घोट्याइतक्या पाण्यात ठिपकेवाली तुतारी, आणि पोटापर्यंतच्या पाण्यात पाणटिवळा, लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून. गवताच्या कडेला पाणलावा बसलेला असायचा. दुर्बीण त्याच्यावरून सरकून गेली तरी तो उडाल्याशिवाय कळायचा नाही. पन्नास पावलांच्या त्या उतारात स्थलांतराचे संपूर्ण शास्त्र मांडलेले असे.

एका वर्षी त्या तळ्याचे सुशोभीकरण झाले. ज्यांच्याकडे ते काम होते त्यांनी चारही बाजूंनी उभी दगडी भिंत घातली, गाळ काढला, फिरण्यासाठी फरसबंदी केली आणि रात्रभर जळणारे दिवे लावले. पाणी तेवढेच राहिले, किंबहुना थोडे वाढले. पण काठ गेला. भिंतीला लागूनच डोक्याएवढे पाणी असेल तर बोटभर पाण्यात चरणाऱ्या पक्ष्याने उभे कुठे राहावे? पुढच्या ऑगस्टमध्ये आम्ही रीतसर निवेदन घेऊन गेलो, तेव्हा उत्तर मिळाले की पक्षी तर अजूनही आहेत, आपण स्वतः येऊन पाहा. आणि ते खरे होते. पाणकावळे होते, बदके होती, खंड्या होता. खोल पाण्याचे पक्षी राहिले होते, उथळ काठाचे निघून गेले होते. पण हा फरक कागदावर मांडता यावा, यासाठी आधीच्या वर्षांच्या तारीखवार, जातवार नोंदी टेबलावर ठेवाव्या लागतात. रोज फिरायला येणारी माणसे पुष्कळ होती, पक्षी आवडणारीही होती, पण तशी वही त्यांच्यातल्या कोणाकडेच नव्हती. तळे वाचवायचे असेल तर चिखलाला घाण समजणे आधी थांबले पाहिजे, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे. उतरता काठ हा खर्चाचा प्रश्न नाही. भिंतीपेक्षा उतार स्वस्त पडतो.

दिव्यांचाही विषय तितकाच गंभीर आहे. वटवट्या, माशीमार, कस्तुर असे बहुतेक लहान पक्षी रात्री प्रवास करतात. हवा शांत आणि थंड असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते, आणि दिवस चरण्यासाठी मोकळा मिळतो. या प्रवाशांना झगमगता उजेड खेचून घेतो. न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या दहशतवादी हल्ल्याच्या स्मरणार्थ दरवर्षी सप्टेंबरात प्रकाशाचे जे झोत आकाशात सोडतात, त्यांच्या सात वर्षांच्या अभ्यासात सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचे दिसून आले. झोत थोडा वेळ बंद केले की घिरट्या घालणारे पक्षी लगेच पांगत. बटण बंद करणे एवढाच उपाय असलेली पर्यावरणाची समस्या दुसरी सहसा सापडणार नाही.

जवळच्या माणसांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण नागालँडचे आहे. सैबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये वीण करणारे अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोयांग जलाशयाच्या परिसरात प्रचंड संख्येने उतरतात. २०१२ साली तिथे होणाऱ्या त्यांच्या शिकारीची चित्रे जगासमोर आली आणि २०१३ च्या हंगामात गावकऱ्यांनी ती शिकार थांबवली. त्याच वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले गेले आणि त्यांना नागा, पांगटी आणि वोखा ही तिथलीच नावे मिळाली. हे पक्षी पुढे आपला देश ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातात.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे. ओळखीचा विषय राहिलाच आहे, तेव्हा जे सर्वांत उपयोगी ते भराभर सांगतो.

आधी आपल्या जागेतले निवासी पक्षी पाठ हवेत. नवा कोण हे त्याशिवाय कळत नाही. धोबी पक्ष्यांचेच (वॅगटेल) पाहा. बारमाही राहणाऱ्या मोठ्या धोब्याचे डोके काळे आणि त्यावर पांढरी भुवई. पाहुण्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा असतो आणि हिवाळ्यात छातीवर काळी कोर तेवढी उरते. करड्या धोब्याची शेपटी सर्वांत लांब, शेपटीखाली पिवळा रंग, आणि त्याला वाहते पाणी व सावली प्रिय.

तुताऱ्या तीन. हिरवी तुतारी उडाली की वरून काळीभोर आणि कमरेला लख्ख पांढरी दिसते, पंखांची खालची बाजू गडद. ठिपकेवालीची तीच बाजू फिकट, पाठीवर ठिपके, आणि डोळ्यामागे लांबवर गेलेली पांढरी भुवई. सामान्य तुतारीच्या छातीच्या कडेला, पंखापुढे पांढरी पाचर असते, आणि ती पाण्यालगत ताठ पंखांच्या झटक्यांनी उडते. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. सप्टेंबरात पाठीवरची पिसे झिजलेली असतील तर पक्षी प्रौढ. ती ताजी असतील आणि प्रत्येकीला फिकट किनार असेल, म्हणजे पाठ खवल्यांची वाटत असेल, तर या वर्षीचे पिल्लू.

वटवट्यांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबावे. झुडपाच्या पोटातून 'चक्, चक्' असा कोरडा आवाज येत राहिला आणि पक्षी काही केल्या बाहेर आला नाही, तर तो बहुधा ब्लिथचा वटवट्या. पहाटे उजाडताना झाडांखाली थांबावे, कारण रात्रीचे प्रवासी तेव्हा उतरतात. दहानंतर, हवा तापू लागली की, मान वर करावी. भोवत्या आणि इतर शिकारी पक्षी त्या वेळी गरम हवेवर तरंगत जातात.

शेवटी नोंदीविषयी. भारतात २००७ साली मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा आरंभी केवळ नऊ जातींच्या आगमनाच्या तारखा सामान्य निरीक्षकांकडून मागवल्या होत्या. आज ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कोणालाही पूर्ण यादी देता येते. पहिला पक्षी दिसल्याची तारीख सगळे उत्साहाने लिहितात. शेवटचा कधी दिसला ही तारीख फारच थोड्यांकडे सापडते, तीही लिहावी. संख्या लिहावी, पाण्याची पातळी लिहावी. तळ्यावर गेलो आणि एकही टिलवा नव्हता, हे तर अवश्य लिहावे, कारण आदल्या आठवड्यात नव्हता हे माहीत असेल तरच या आठवड्यात आला असे म्हणता येते. आणि जात पटली नाही, तर पुस्तकातल्या चित्राशी ओढूनताणून मेळ न घालता 'तुतारी, जात अनिश्चित' असे लिहून पायांचा रंग, आवाज आणि उडताना दिसलेली कंबर तेवढी टिपून ठेवावी; पुढच्या फेरीत तो पक्षी त्याच काठावर असण्याची शक्यता पुष्कळ असते.