रात्री अडीच वाजता मागितलेला डबा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली एक रात्र सांगते. अडीच वाजले होते, कूलरची घरघर चालू होती. माझा धाकटा भाऊ आंघोळ करून, शर्ट खोचून पलंगावर बसला होता. मला म्हणाला, "ताई, डबा झाला का? ऑफिसला उशीर होतोय."

मार्चमध्ये वर्धा रोडवर तो गाडीवरून पडला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. डोक्याला मार लागला, पण जीव वाचला. घरी आल्यापासून मात्र दिवसभर झोप आणि रात्रभर जाग. काकाजी म्हणाले, "दिवसा झोपू देता, म्हणून रात्री जागतो." मीही त्याच्यावर ओरडले. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याचं घड्याळच दुखावलं होतं.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा इवलासा पुंजका आहे. डोळ्यांतून आलेल्या उजेडावरून तो वेळ ओळखतो, आणि झोप, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं यांचा ताल धरतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. डोकं आपटतं तेव्हा मऊ मेंदू कवटीत हिंदकळतो, त्याचे लांब नाजूक तंतू ताणले जातात. संध्याकाळी अंधारासोबत वाढणारं, झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक अशा अनेक रुग्णांमध्ये कमी पडतं. डोक्याला मार लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची झोप बिघडते. आळस, हट्ट असे शब्द इथे वापरूच नयेत.

दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. एका दुपारी त्याला ताप चढला. नागपूरचा मे महिना, तेव्हा सगळे म्हणाले, ऊन लागलं. आम्ही कैरीचं पन्हं दिलं, ओल्या पट्ट्या ठेवल्या, दोन दिवस गेले. निघाला न्यूमोनिया.

मेंदूला इजा झाली की शरीर तणावाची संप्रेरकं सोडतं आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशी घटतात. त्यात गिळणं कमजोर असलं तर अन्नपाणी श्वासनलिकेत जातं. मेंदूच्या आत मात्र उलटंच चालतं. तिथल्या संरक्षक पेशी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं चवताळलेल्याच राहतात. वाड्यातली आग विझत नाही आणि वेशीवर पहारा नाही, अशी गत. हा पहाराही घड्याळावरच बदलतो बरं का. पांढऱ्या पेशींची रक्तातली संख्या दिवसरात्रीप्रमाणे वरखाली होते. झोप मोडली की त्यांचाही ताल मोडतो, आणि शरीरातली सूज पुन्हा झोप बिघडवते.

आता आपल्या घरांकडे बघा. उन्हाळ्यात आपण काय करतो? खिडकीत कूलर बसवतो, बाकीच्या खिडक्यांना जाड पडदे लावतो, दारं लोटून घेतो. उन्हापासून वाचायला ते बरोबरच आहे. पण माझा भाऊ दिवसभर अंधारात आणि रात्री टीव्हीच्या उजेडात राहत होता. त्याच्या दुखावलेल्या घड्याळाला सकाळ झाल्याचं सांगणारं कुणीच नव्हतं.

मेमध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या आधीच सूर्य वर येतो. डॉक्टरांना विचारून आम्ही त्याला सहा वाजता अंगणात खुर्ची टाकून बसवायला लागलो, ऊन तापायच्या आत अर्धा तास. डोक्याला सौम्य मार लागलेल्या रुग्णांना रोज सकाळी अर्धा तास निळसर उजेडासमोर बसवलं, तर सहा आठवड्यांत त्यांची दिवसाची पेंग कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. रात्री नऊनंतर टीव्ही बंद, दिवे मंद. शेजारणीने सुचवलेली झोपेची गोळी आम्ही दिली नाही. अशा गोळ्यांनी गोंधळ वाढू शकतो, तोल जाऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नका. आणि ताप आला तर ऊन लागलं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक वहीही ठेवा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, ताप किती. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. आमच्या वहीत पानंच्या पानं "अडीचला उठला", "तीनला चहा मागितला" अशी भरली आहेत. गेल्या आठवड्यातल्या तीन रात्रींपुढे मात्र आईने एकच शब्द लिहिलाय : झोपला.

नमस्कार.