कार्ल्याच्या भिंतीवर बुद्ध नंतर आले!

[पडद्यावर: कार्ले चैत्यगृहाचा दर्शनी भाग]

नमस्कार मंडळी! एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण कार्ल्याचा डोंगर चढले असतील. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे, म्हणजे डोंगरात कोरलेलं, आत स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. आत गेलं की सगळे छताकडे बघतात. बघायलाच हवं म्हणा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत! पण आज आपण व्हरांड्यातच थांबायचं, दारांच्या बाजूच्या भिंतीपाशी.

इथे स्त्री-पुरुषांच्या जोड्या दिसतील. भरदार अंग, जाडजूड दागिने, ऐटीत उभे. आणि त्यांच्या शेजारीच बुद्ध. शांत, सडपातळ, वस्त्र अंगाला चिकटलेलं. ही एका काळातली कामं नव्हेत. जोड्या साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या. बुद्ध त्यानंतर चारेकशे वर्षांनी जुन्या भिंतीत जागा करून कोरलेले.

मग बौद्धांचं एवढं मोठं चैत्यगृह खोदलं तेव्हा बुद्धमूर्ती का नव्हती?

[पडद्यावर: सांचीचं पूर्व तोरण]

त्यासाठी सांचीच्या स्तूपाला जाऊ. त्याच्या या तोरणावर, म्हणजे दगडी प्रवेशद्वारावर, सिद्धार्थ घर सोडून निघालाय. कपिलवस्तूच्या वेशीतून घोडा बाहेर पडतो. पाठीवर कुणीच नाही, पण वर छत्र धरलंय. तोच घोडा पुढे, आणखी पुढे. उजव्या टोकाला छत्र दिसतं ते दोन पावलांवर, आणि खालून घोडा परत निघालाय, आता छत्राविना. म्हणजे स्वार उतरला! माणूस न दाखवता त्याचं जाणं दाखवायचं, हे मला तरी पुढच्या कितीतरी देखण्या मूर्तींपेक्षा अवघड काम वाटतं. बोधिवृक्ष, रिकामं आसन, धर्मचक्र, स्तूप या खुणा तेव्हाच्या लोकांना पुरत होत्या.

मूर्ती घडू लागली ती उत्तरेतल्या कुषाण राजांच्या काळात, दोन ठिकाणी. गांधार, म्हणजे आजचा पेशावर-तक्षशिलेचा भाग: करडा दगड, लाटांसारखे केस, दोन्ही खांदे झाकणारं जाड चुण्यांचं वस्त्र, कधीकधी चक्क मिशा. आणि मथुरा: ठिपक्यांचा लाल दगड, उजवा खांदा उघडा, डोळे टक्क उघडे, चेहऱ्यावर हसू. आधी कोण? फ्रेंच अभ्यासक फूशे म्हणाले, ग्रीक वळणाचा गांधार. कलेचे इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी 1927 मध्ये मथुरेची बाजू मांडली. माझा कल मथुरेकडे. कारण ती छाती काढून उभी राहणारी मूर्ती आपल्या जुन्या यक्षमूर्तींच्याच घरातली दिसते. भिक्खू बल यांनी कुषाण राजा कनिष्काच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी सारनाथला दान दिलेली मूर्ती बघा, पटेल. गंमत म्हणजे तिच्यावरच्या लेखात तिला बोधिसत्त्व, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा, म्हटलंय.

[पडद्यावर: सारनाथचा धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध]

पाचव्या शतकात, गुप्तकाळात, सारनाथला ते टक्क डोळे अर्धे मिटले. वस्त्राच्या चुण्या गेल्या, कापड आहे हे फक्त कडांवरून कळतं. दगड चुनारचा, फिकट. संग्रहालयात पाटी वाचायच्या आधी डोळे आणि वस्त्र बघा, निम्मं काम तिथेच होतं.

आता कार्ल्याचे बुद्ध या क्रमात कुठे येतात ते कळलं असेल. या नंतरच्या कामात पाय खाली सोडून आसनावर बसलेला बुद्ध आहे, दोन्ही बाजूंना सेवेला उभे बोधिसत्त्व. अशीच बैठक अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या आणि वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात सापडते. फरक एवढाच, की त्या दोन्ही ठिकाणी बुद्ध थेट स्तूपाच्या पुढ्यात कोरलाय. कार्ल्यात नंतरच्या लोकांनी भिंत घेतली, पण आतल्या स्तूपावर मूर्ती कोरली नाही.

वेरूळच्या त्या दहाव्या लेण्यात आपण पुढच्या भागात जाणार आहोत. भेटू!