सिगारेटचा कर आणि कोगनोळीचा नाका

श्रोते हो, नमस्कार.

कर वाढला की तस्करी वाढते, हे निपाणीच्या बाजारात कुणीही सांगेल. बोलणं अर्धंच खरं आहे. तस्कर कर किती ते बघत नाही, इथल्या आणि तिथल्या भावात फरक किती ते बघतो. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळीला सिगारेटच्या करात तो फरक आज उरलेला नाही.

जून २०१७ पर्यंत दोन्ही राज्यांचा व्हॅट वेगवेगळा होता. जिकडे स्वस्त तिकडून खोकी उचलायची आणि हद्दीपलीकडे विकायची. जुलैत जीएसटी आला, दर एक झाला, राज्यांचे विक्रीकर नाकेही उठले. आता निपाणीतली सिगारेट महाराष्ट्रातल्या कागलला नेणाऱ्याचं डिझेलही सुटायचं नाही.

गुटख्याचं गणित निराळं. महाराष्ट्रानं २०१२ साली गुटख्याबरोबर पानमसालाही बंद केला. कर्नाटकानं २०१३ साली गुटखा बंद केला, पण तंबाखू नसलेला पानमसाला इथे कर्नाटकात उघड विकतात. म्हणून पुड्या दोन, एक मसाल्याची, एक जर्द्याची, म्हणजे तंबाखूची. गिऱ्हाईक तळहातावर एक करतं, की झाला गुटखा. मसाल्याची तीच पुडी हद्द ओलांडली की चोरटी होते आणि म्हणूनच महाग. ही कमाई कराची नव्हे, बंदीची!

सिगारेटचा मोठा चोरटा माल येतो तो समुद्रावरून. ४० फुटी कंटेनरमध्ये साधारण १ कोटी सिगारेटी मावतात, कागदावर माल भलताच असतो. १ फेब्रुवारी २०२६ पासून उत्पादन शुल्क हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये, वर ४० टक्के जीएसटी. देशी मालाचा सर्वांत खालचा दर धरला तरी कंटेनरमागे नुसतं शुल्कच २ कोटी ५ लाख होतं. एखादा कंटेनर पकडला गेला तरी हा धंदा का बसत नाही, ते यातून कळावं.

मग कर उतरवायचा का? ब्रिटननं २००० नंतर कर चढाच ठेवला, बंदरांवर स्कॅनर बसवले, आणि चोरट्या सिगारेटींचा वाटा दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आला.

टपरीवाल्यांनी पाकीट उलटसुलट करून बघावं. दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्यानं व्यापलेला हवा. एमआरपी, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, महिना आणि वर्ष छापलेलं हवं. यातलं एक जरी नसेल तर संशय घ्या. पुरवठादार बिल द्यायला कां-कूं करू लागला, तर भाव कितीही गोड असो, खोकं उतरवूनच घेऊ नका. धाड पडते तेव्हा माल तुमच्या फळीवर असतो आणि पुरवठादार गावातही नसतो.